राजूरची चुनखडी आणि सागराचा तळ

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत राजूर नांवाचें एक गांव आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळें आसपासच्या मुलुखांत तें ओळखलें जातें. येथून समुद्र शेंकडों मैल दूर. तरीहि सागराच्या तळाचा इतिहास सांगावयाचा तर त्याचा आरंभ राजूरपासून करावा, असें मला वाटतें. कारण त्या भट्ट्यांत जळणारी चुनखडी मूळची समुद्रांतली आहे. सुमारें शंभर कोटी वर्षांपूर्वीं या भागावर समुद्र होता. त्याच्या पाण्यांतून चुन्याचा बारीक गाळ तळाशीं बसत गेला, थरावर थर चढले आणि त्यांचा दगड बनला. त्या काळीं शंखशिंपल्यांचे प्राणीहि जन्मास आले नव्हते. पुढें समुद्र हटला. त्यानंतर फार काळानें, म्हणजे आजपासून पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, येथें दलदलीचीं रानें माजलीं, गाडलीं गेलीं, आणि त्यांचा कोळसा झाला. हे दोन आंकडे आपण ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांच्याशीं आपल्याला काम पडणार आहे.

आजच्या समुद्राचा तळ कसा आहे, हें मनुष्याला फार उशिरां कळलें. किनाऱ्याजवळची खोली कोळी आणि खलाशी जाणत; बंदरांत शिरणाऱ्या जहाजाला तेवढें ज्ञान पुरे असे. भर दर्यांत तळ किती खालीं आहे, याची चौकशी करण्याचें फारसें कोणास कारण नव्हतें. तें कारण तारायंत्रानें पुरविलें. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजानें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून तार टाकली. अशी तार टाकावयाची, तर वाटेंत दरी आहे कीं चढ, गाळ आहे कीं खडक, हें आधीं कळावयास हवें. सागरतळाच्या नकाशाला जिज्ञासेइतकीच व्यापाराची गरजहि कारण झाली, ही गोष्ट विसरतां कामा नये.

मोजणीची रीत साधी, पण सहनशक्तीची परीक्षा पाहणारी होती. दोराला जड वजन बांधून तें पाण्यांत सोडावयाचें, आणि तें तळाला टेकलें म्हणजे किती वांव दोर गेला तें पाहावयाचें. वांव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, सुमारें सहा फूट. ‘चॅलेंजर’ हें ब्रिटिश जहाज १८७२ पासून १८७६ पर्यंत जगाचे समुद्र हिंडलें. पण एवढ्या दीर्घ सफरींत खोल पाण्याच्या मोजण्या झाल्या त्या पांचशेंच्या आंतच. पॅसिफिक महासागरांत एके ठिकाणीं ४,४७५ वांव, म्हणजे पांच मैलांहून अधिक, दोर सोडावा लागला. तळावरून मँगॅनीजयुक्त असे काळे, बटाट्याएवढे गोळेहि वर आले. त्या वेळीं ते संग्रहालयांत ठेवण्याजोगी नवलाई म्हणूनच गणले गेले.

हिंदी महासागराच्या उत्तर भागांत ‘चॅलेंजर’ फिरकलें नाहीं. तें काम मुंबईच्या गोदींत १८८१ सालीं बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या लांकडी आगबोटीनें केलें. तिच्यावरील डॉक्टर अल्कॉक यांनीं १८८८ पासून चार वर्षें आपल्या समुद्रांतील खोल पाण्याचे प्राणी गोळा करून त्यांचीं वर्णनें लिहिलीं. दोराच्या जागीं आतां बारीक पोलादी तार आली होती. तरीहि दोन मोजण्यांमधील अंतर पुष्कळदां शेंकडों मैलांचें असे. दोन विहिरींत डोकावून साऱ्या वऱ्हाडाचा नकाशा काढावा, त्यांतलाच हा प्रकार! मधल्या जागेंत नकाशाकार शांत, सपाट मैदान कल्पीत असत.

ही कल्पना मोडली ती आवाजानें. डोंगरासमोर हांक मारली म्हणजे प्रतिध्वनि येतो, आणि तो किती वेळानें आला यावरून डोंगराचें अंतर ताडतां येतें. पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें दीड हजार मीटर धांवतो. म्हणून प्रतिध्वनि सहा सेकंदांनीं परतला, तर तळ साडेचार हजार मीटरांवर आहे असें समजावें. ज्या मोजणीला पूर्वीं कित्येक तास लागत, ती आतां जहाज चालत असतांनाच होऊं लागली. जर्मन ‘मेटिऑर’ जहाजानें १९२५ ते १९२७ या काळांत अटलांटिकमध्यें अशा हजारों मोजण्या घेतल्या. डॅनिश ‘डाना’ जहाजाच्या १९२८ ते १९३० च्या सफरींत अरबी समुद्राच्या दक्षिणेस बुडालेली एक पर्वतरांग आढळली. तिला कार्ल्सबर्ग हें नांव मिळालें. पुढें १९३३-३४ सालीं ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून गेलेल्या सीमोर स्यूएल यांच्या तुकडीला त्या रांगेच्या माथ्यावरून जाणारी एक खोल घळ दिसली. पर्वताच्या शिखरावर घळ, हें मोठें कोडें होतें.

तसलीच घळ अटलांटिकच्या मध्यरांगेंत मारी थार्प या अमेरिकन विदुषींना १९५० नंतरच्या दशकांत आढळली. स्त्री असल्यामुळें त्यांना त्या वेळीं संशोधनाच्या जहाजावर जागा नव्हती. इतरांनीं आणलेल्या आंकड्यांवरून मेजाशीं बसून त्यांनीं तळाचें चित्र रेखाटलें. त्यांच्या सहकाऱ्यांना प्रथम तें पटलें नाहीं. परंतु आंकडे पुन्हां तेंच सांगूं लागले.

कोड्याचा उलगडा झाला तो मात्र आपल्याच शेजारीं. १९६२ सालीं ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजानें कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी केली. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनीं तिचा अर्थ लावून तो १९६३ सालीं प्रसिद्ध केला. घळींतून तप्त रस वर येतो, थिजतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. थिजतांना तो पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकत्वाची दिशा स्वतःंत नोंदवून ठेवतो. पृथ्वीचें चुंबकत्व अधूनमधून उलटतें. म्हणून रांगेच्या दोहों बाजूंस उलटसुलट पट्टे उमटतात. तात्पर्य, सागराचा तळ रोज नवा तयार होत आहे, आणि जुना तळ अन्यत्र पृथ्वीच्या पोटांत परत जात आहे.

आतां राजूरचे ते दोन आंकडे आठवावे. आजच्या महासागरांचा तळ बहुतेक सर्वत्र वीस कोटी वर्षांच्या आंतला आहे. राजूरचा कोळसा त्याहून जुना, आणि चुनखडी तर किती तरी पटींनीं जुनी! भारत आणि सेशेल्स बेटें यांची फारकत होऊन कार्ल्सबर्ग रांगेचा तळ घडूं लागला, तो सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वीं. ज्याला आपण अनादि, अचल समजत होतों तो समुद्रतळ तरुण निघाला. आणि खरें पुराण आपल्या पायांखालच्या भूमीनें जपून ठेविलें आहे. कोळी ज्याला दर्या म्हणून नमस्कार करतो, त्याच्या एका वडील बंधूच्या तळाचे अवशेष वणीच्या शेतांखालीं पडले आहेत.

स्वतंत्र भारतानेंहि या शोधांत भाग घेतला. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेंत आपल्या नौदलाचें ‘किस्तना’ जहाज होतें. त्या मोहिमेंतूनच १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. गोव्यांत दोना पावला येथें तिचें मुख्यालय आहे. २६ जानेवारी १९८१ रोजीं तिच्या ‘गवेषणी’ जहाजानें हिंदी महासागराच्या तळावरून मँगॅनीजचे ते काळे गोळे वर काढले. १९८७ सालीं भारताला अशा गोळ्यांच्या शोधासाठीं दीड लाख चौरस किलोमीटरांचें क्षेत्र मिळालें. त्यांतील पंचाहत्तर हजार पुढें राखून ठेविलें गेलें.

एका शतकापूर्वींची नवलाई अशी संपत्ति ठरली आहे. कारण त्या गोळ्यांत निकेल, तांबें आणि कोबाल्टहि आहे. परंतु असा गोळा दहा लाख वर्षांत कांहीं मिलिमीटरच वाढतो, आणि तळावरचे कित्येक जीव त्याच्याच आधारानें राहतात. प्रत्यक्ष मोजणीनें नकाशा झाला आहे तो अद्याप साऱ्या सागरतळाच्या सुमारें चौथ्या हिश्शाचाच. नकाशा पुरा होण्यापूर्वीं खाण सुरू करावी काय, हा आजचा प्रश्न आहे. राजूरच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. खाणीनें घरांत चूल पेटते हें तो जाणतो; आणि एकदां उपसलेला थर पुन्हां भरून येत नाहीं, हेंहि जाणतो. दोर सोडून एकेक बिंदु चांचपणाऱ्या जुन्या खलाशांनीं आपल्याला एक धडा दिला आहे: वजन तळाला टेकल्यावांचून आंकडा लिहूं नये. संपत्तीचा हिशेब मांडतांनाहि तोच नियम पाळणें शहाणपणाचें होईल.