गॅलेक्टिन-३

* गॅलेक्टिन-३ : पेशींवरच्या गॅलॅक्टोजयुक्त शर्करासाखळ्यांना चिकटणारे प्रथिन. मधुमेहाच्या तपासणीत मोजतात ती रक्तातली साखर वेगळी. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये. इजा झाली की मॅक्रोफेज या भक्षक पेशी हे प्रथिन सोडतात, त्याने तंतुजनक पेशी चेतवल्या जातात आणि त्या कोलॅजन तयार करू लागतात. जखम भरायला एवढे हवेच. पण दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर तेच कोलॅजन साचून हृदयाचा स्नायू ताठर होतो, यकृत निबर होते. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णाचा पुढचा धोका जोखण्यासाठी अमेरिकेत २०१० मध्ये गॅलेक्टिन-३च्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. मात्र मूत्रपिंडे अधू असली तरीही ही पातळी चढते. तेव्हा या एका आकड्यावरून कोणी धास्तावू नये. — संपा.