बीटमेनिया

जपानमधील कोनामी या कंपनीची लयाधिष्ठित व्हिडिओ खेळांची मालिका. तिचे पहिले यंत्र डिसेंबर १९९७ मध्ये जपानी क्रीडागृहांत आले. पडद्यावर वरून खाली येणाऱ्या खुणा तळाच्या रेषेस टेकताच पाच कळांपैकी नेमकी कळ दाबणे किंवा शेजारची फिरती तबकडी हाताने ओढणे, असे या खेळाचे स्वरूप आहे. खेळाडूने यात डीजेची, म्हणजे ध्वनिमुद्रिका हाताळून नृत्यमेळावा रंगविणाऱ्या कलावंताची, भूमिका घ्यावयाची असते.

ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र हेच वाद्य म्हणून वापरण्याची कल्पना न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात रुजली. जमेकात जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ कूल हर्क याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत नृत्यमेळाव्यासाठी संगीत वाजविले. हिप-हॉप संगीताचा आरंभ सामान्यतः या मेळाव्यापासून मानतात. एकाच गीताच्या दोन ध्वनिमुद्रिका दोन यंत्रांवर ठेवून त्यांतील केवळ तालवाद्यांचा तुकडा आलटून पालटून लांबवीत राहावयाचा, ही त्याची पद्धत. ध्वनिमुद्रिका पुढेमागे घासून तिच्यातून खरखरीत, लयबद्ध ध्वनी काढण्याची ‘स्क्रॅच’ ही क्रिया ग्रँड विझार्ड थिओडोर याने त्याच दशकाच्या मध्यास प्रचारात आणली. या धसमुसळ्या हाताळणीस टिकणारे यंत्र मात्र जपानी होते. मात्सुशिता कंपनीने रबरी पट्ट्याऐवजी थेट विद्युत् चलित्राने फिरणारी तबकडी बनविली. तिचे १९७२ मधील एसएल-१२०० हे प्रतिमान घरी स्वस्थ बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी होते. परंतु ते, आणि विशेषतः त्याची १९७९ मधील सुधारित आवृत्ती, डीजेंचे प्रमाणभूत साधन ठरली. जपानी यंत्रातून अमेरिकी रस्त्यांवर निर्माण झालेली कला पुढे दोन दशकांनी जपानमध्ये खेळाच्या रूपाने परतली, असा हा प्रवास आहे.

सोनीच्या प्लेस्टेशन या गृहसंचासाठी डिसेंबर १९९६ मध्ये निघालेल्या ‘पॅरप्पा द रॅपर’ या खेळाने लय हाच खेळाचा विषय होऊ शकतो हे दाखविले होते. पण तो नेहमीच्या नियंत्रकावर खेळावयाचा होता. बीटमेनियाने खेळाडूच्या हाताखाली वाद्यासारखा स्वतंत्र फलक दिला. तिच्या यशात या फलकाचा वाटा मोठा असला, तरी तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या ध्वनियोजनेत आहे.

बहुतेक पाश्चात्त्य संगीतखेळांत गीत अगोदरच पूर्ण ध्वनिमुद्रित असते. खेळाडू चुकला, तर त्याच्या वाट्याचा भाग तेवढा मूक होतो. बीटमेनियात प्रत्येक खुणेस स्वतंत्र ध्वनिनमुना जोडलेला असतो व कळ दाबली जाईल त्या क्षणी तो उमटतो. उशिरा दाबल्यास ध्वनीही उशिरा येतो. मुळीच न दाबल्यास ती जागा रिकामी राहते. खुणा नसताना कळ दाबली, तरी काहीतरी वाजते. म्हणजे चुकीची शिक्षा केवळ गुणांत होत नाही; ती सर्वांना ऐकू जाते. या अर्थाने खेळाडू खरोखरच वाजवीत असतो. परंतु कोणत्याही कळेस कायमचा स्वर नसतो. जी कळ आता ढोलाचा ठोका देते, तीच पुढच्या मात्रेस पियानोचा स्वर देईल. खुणांच्या जागा यादृच्छिक रीत्या बदलून घेण्याची सोयही पुढील आवृत्त्यांत आहे. तेव्हा ध्वनी खुणांबरोबर दुसऱ्या कळांवर जातात आणि चाल अबाधित राहते. त्यामुळे येथे मिळविलेले कौशल्य कोणत्याही वाद्यावर नेता येत नाही. बीटमेनियास वाद्य म्हणण्यापेक्षा उलगडत जाणारी स्वरलिपी तत्क्षणी वाचण्याचा व्यायाम म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या योजनेचा संगीतावर दूरगामी परिणाम झाला. बाजारातील तयार गीत शेकडो तुकड्यांत कापून कळांवर वाटणे सोपे नसते. साहजिकच कंपनीच्या ध्वनिविभागातील रचनाकारांनी यंत्रासाठीच नवे संगीत रचले. आरंभीच्या आवृत्तीत रेओ नागुमो यांचे काम महत्त्वाचे आहे. हिप-हॉप, रेगे, हाउस, टेक्नो असा संगीतप्रकार प्रत्येक रचनेसोबत नमूद केलेला असे, त्यामुळे या प्रकारांची नावे क्रीडागृहातील तरुणांच्या परिचयाची झाली.

तबकडीची स्थिती मात्र विलक्षण आहे. तिच्यावर ध्वनिमुद्रिका नसते व सुईही नसते. ती कोणत्या बाजूस फिरविली याला सामान्यतः महत्त्व नसते. फिरविली एवढेच यंत्र नोंदविते. अनेक रचनांत तिला स्क्रॅचऐवजी झांजेचा आघात नेमून दिलेला आढळतो. कूल हर्क व थिओडोर यांच्या हाती तबकडी हे ठरलेले संगीत मोडण्याचे साधन होते. येथे ती ठरलेल्या क्षणी दाबावयाची सहावी कळ झाली.

बीटमेनियाच्या नावावरून ‘बेमानी’ हे नाव कंपनीच्या सर्व संगीतखेळांस मिळाले. पॉपन् म्युझिक व डान्स डान्स रेव्होल्यूशन (दोन्ही १९९८) हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. मूळ पाच कळांची मालिका २००२ मध्ये समाप्त झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये निघालेली सात कळांची ‘बीटमेनिया टू-डीएक्स’ ही शाखा मात्र वाढत गेली व २०२४ मध्ये तिची ३२ वी आवृत्ती आली. तिच्या अत्यंत अवघड रचनांत सुमारे दोन मिनिटांत दोन हजारांपर्यंत खुणा येतात. खेळाडूंच्या प्रावीण्यासाठी गो हा पटावरील खेळ व युद्धकला यांतल्याप्रमाणे ‘क्यू’ व ‘दान’ या श्रेणी ठेवण्यात आल्या असून सर्वोच्च श्रेणीस ‘काइदेन’ म्हणतात. गुरूने आपली संपूर्ण विद्या शिष्यास दिली, असा या पारंपरिक संज्ञेचा अर्थ आहे. उत्स्फूर्ततेवर वाढलेल्या कलेची ही शिस्तबद्ध परिणती जपानी कलाशिक्षणाच्या जुन्या वळणाशी सुसंगतच म्हणावी लागेल. २०२१ पासून व्यावसायिक संघांच्या स्पर्धाही होऊ लागल्या. पाश्चात्त्य देशांत हा खेळ फारसा रुजला नाही. अमेरिकेत ‘हिपहॉपमेनिया’ या नावाने यंत्रे गेली व २००६ मध्ये गृहसंचासाठी एक आवृत्ती निघाली.

खेळण्याच्या पद्धतीवर मालकी सांगता येते काय, हा प्रश्न कोनामीने उपस्थित केला. जपानमधील जॅलेको व दक्षिण कोरियातील ॲम्यूजवर्ल्ड या कंपन्यांच्या समान धर्तीच्या खेळांवरून तिने न्यायालयीन लढे दिले. २००८ मध्ये एकस्वाच्या आधारे अमेरिकेत हार्मोनिक्स या कंपनीविरुद्धही दावा दाखल केला. तो २०१० मध्ये तडजोडीने मिटला. याच्या अगदी उलट दिशेने चाहत्यांचे काम चालले. १९९८ मध्ये जपानमध्ये ‘बीएमएस’ ही साधी लेखी संहितापद्धती तयार झाली. कोणता ध्वनी कोणत्या मात्रेस व कोणत्या कळेवर, हे तीत लिहिता येते. तिच्या आधारे हौशी रचनाकारांनी घरच्या संगणकावर स्वतःच्या रचना करून विनामूल्य वाटल्या. डीजेच्या कलेतील नवे घडविण्याचा भाग खेळाच्या पडद्यावर उरला नव्हता. तो या संहितांच्या लेखनात पुन्हा सुरू झाला.

डीजेकलेवर आधारलेला दुसरा उल्लेखनीय प्रयत्न ब्रिटनमधील फ्रीस्टाइलगेम्स या संस्थेने केला. अमेरिकेच्या ॲक्टिव्हिजन कंपनीने तो ‘डीजे हीरो’ या नावाने ऑक्टोबर २००९ मध्ये प्रकाशित केला. यात तबकडीवरच तीन कळा असून एका प्रवाहातून दुसऱ्यात जाण्यासाठी सरकपट्टी असते. स्क्रॅच करताना हात दर्शविलेल्या दिशेने हलवावा लागतो आणि दीर्घकाळ न चुकल्यास तबकडी उलटी फिरवून संगीत मागे नेता येते. हाताच्या हालचालींबाबत हा खेळ प्रत्यक्ष डीजेच्या कामास बीटमेनियापेक्षा बराच जवळचा आहे. दोन वेगवेगळी गीते एकमेकांत गुंफून त्याची ९३ मिश्रणे बनविण्यात आली. ग्रँडमास्टर फ्लॅश, डीजे शॅडो इ. नामवंतांचा त्यात सहभाग होता. तथापि मिश्रणाचा कल्पक भाग अगोदरच उरकलेला असे. खेळाडूस निवडक ध्वनिनमुने मनाप्रमाणे वाजविण्यापुरती मोकळीक मिळाली. ऑक्टोबर २०१० मधील दुसऱ्या भागात ती ठराविक जागी स्क्रॅच व सरकपट्टी यांसही देण्यात आली. पण तोवर महागड्या वाद्यफलकांची बाजारपेठ घसरली होती. अमेरिकेत पहिल्या भागाची किंमत फलकासह सुमारे १२० डॉलर होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने आपला संगीतखेळांचा विभाग बंद केला व ही मालिका दोन भागांतच संपली. फ्रीस्टाइलगेम्स २०१७ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीकडे गेली आणि २०२५ च्या आरंभी तिचे काम थांबविण्यात आले.