जेवणानंतरचे रक्तशर्करा नियमन

अन्नातून रक्तात येणाऱ्या ग्लुकोजचे प्रमाण मर्यादेत ठेवण्याच्या शारीरिक प्रक्रियेस जेवणानंतरचे रक्तशर्करा नियमन असे म्हणतात. निरोगी प्रौढाच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर, ग्लुकोज असते. भात किंवा भाकरीच्या एका भरपेट जेवणातून याच्या दहापट किंवा अधिक ग्लुकोज शोषले जाऊ शकते. तरीही निरोगी व्यक्तीत जेवणानंतर दोन तासांनी ते सहसा दर डेसिलिटरला 140 मिलिग्रॅमच्या आत असते.

आतड्याची भूमिका

अन्न लहान आतड्यात पोहोचताच तेथील पेशी जीआयपी आणि जीएलपी-1 ही संप्रेरके स्रवतात. त्यांना एकत्रितपणे इन्क्रेटिन म्हणतात. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजमुळे इन्शुलीन बरेच अधिक स्रवते, हे 1964 मध्ये दिसून आले. त्याचे कारण हीच संप्रेरके होत. जीएलपी-1 जठर रिकामे होण्याचा वेगही मंदावते. मात्र ते रक्तात काही मिनिटांतच नष्ट होते. सेमाग्लुटाइड हे औषध याच संप्रेरकाचे दीर्घकाळ टिकणारे रूप आहे.

इन्शुलीनचे स्रवण

स्वादुपिंडातील बीटा पेशींत ग्लुकोज शिरले की त्याच्या ज्वलनातून एटीपी तयार होते. त्यामुळे पेशीपटलातील पोटॅशियमचे विशिष्ट मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत येते आणि आधीच साठवलेले इन्शुलीन बाहेर पडते. नव्याने बनणाऱ्या इन्शुलीनचा पुरवठा त्यानंतर सावकाश चालू राहतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सुरुवातीचे हे जलद स्रवण लवकर मंदावते. त्यामुळे उपाशीपोटीची तपासणी सामान्य येऊनही जेवणानंतरची शर्करा वाढलेली आढळू शकते. केवळ पहिल्या तपासणीवर विसंबणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

यकृत आणि स्नायू

इन्शुलीन केवळ साखर पेशींत ढकलते, हा समज अपुरा आहे. उपाशी अवस्थेत यकृत सतत ग्लुकोज रक्तात सोडत असते. जेवणानंतर इन्शुलीन वाढल्याने व ग्लुकागॉन घटल्याने हे उत्पादन आवरले जाते आणि ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठते. मेंदूला ग्लुकोज घेण्यासाठी इन्शुलीनची गरज नसते. स्नायूंत मात्र इन्शुलीनमुळे ग्लुट-4 हे वाहक प्रथिन पेशीपटलावर येते व ग्लुकोज आत घेते. स्नायूंच्या आकुंचनानेही, इन्शुलीनशिवाय, हेच घडते. जेवणानंतर चालल्याने रक्तशर्करा कमी चढते ती यामुळे.

शरीरातील, विशेषतः पोटातील, चरबी वाढल्यास इन्शुलीनचा प्रभाव घटतो. ही चरबी वजनावरून ओळखता येतेच असे नाही. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या संशोधकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक 22.3 होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के होती.