अनपत्यता आणि चिनी वैद्य

तांग राजवटीच्या कायद्यावरील ६५३ सालच्या भाष्यांत पत्नीत्यागाचीं सात कारणें दिलीं आहेत. त्यांत पहिलें, मूल नसणें. त्याच सुमारास सुन् सिमियाओ हा वैद्य आपला ग्रंथ सिद्ध करीत होता. त्यानें इतर सर्व रोगांच्या आधीं स्त्रीरोग घेतले, आणि त्यांतही आरंभीं संततिप्राप्ति. अनपत्यता पतिपत्नी उभयतांच्या क्षीणतेमुळें येते असें सांगून त्यानें पतीस सप्तबीज चूर्ण व पत्नीस निराळ्या गोळ्या योजिल्या. कायदेपंडितांपेक्षां वैद्यच येथें अधिक न्यायी ठरला, असें मला वाटतें. चिकित्सेच्या गुणाची गोष्ट वेगळी. चीनमध्येंच अंडाशयविकाराच्या १,००० स्त्रियांवर केलेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सुया टोंचल्यानें जिवंत अपत्यजन्माचें प्रमाण वाढलें नाहीं. क्लोमिफीनच्या गोळ्यांनीं तें वाढलें.