स्टार्ट

इंग्रजीतील क्रियापद व नाम. आजचा रूढ अर्थ सुरू करणे, सुरू होणे, सुरुवात. मूळ अर्थ मात्र उसळणे, झेप घेणे. प्राचीन इंग्रजीतील ‘स्टिर्टन’ हे त्याचे जुने रूप, आणि दचकवणे या अर्थाचा ‘स्टार्टल’ त्याच घरातला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये कोंबडा आरवताच भूत दचकते, तिथे हेच क्रियापद येते. झुडपातला ससा उठवण्यालाही शिकारी स्टार्ट म्हणत. या एकाएकी हलण्यातून ‘निघणे’ आणि मग ‘आरंभ करणे’ असे अर्थ आले.

पाऊस, भाषण, नोकरी यांच्या बाबतीत ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्ही चालतात. यंत्र, धंदा, भांडण यांना मात्र स्टार्टच लागतो. इंजिन ‘बिगिन’ होत नाही. ‘कमेन्स’ कचेरीच्या आणि कोर्टाच्या भाषेतला.

शब्दातला जुना झटका शर्यतीत अजून टिकून आहे. पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू ‘फॉल्स स्टार्ट’चा दोषी ठरतो. कारण माणसाचे कान आणि पाय इतक्या लवकर जुळत नाहीत, असे नियम धरून चालतो. २०११ मध्ये देगू येथील जागतिक स्पर्धेत उसेन बोल्ट १०० मीटरच्या अंतिम फेरीतून असाच बाद झाला. तो तर आवाजाआधीच निघाला होता.

मोटारींत १९१२ च्या कॅडिलॅकपासून विजेवरचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल फिरवताना हात मोडण्याची भीती सरू लागली. ‘सेल्फ मारला तरी गाडी स्टार्ट होईना’ या मराठी वाक्यातला सेल्फ तोच.

मराठीने हा शब्द घेतला तो मुख्यतः यंत्रांसाठी. शाळा, पाऊस, लग्नाची बोलणी ‘सुरू’ होतात, आणि हा ‘सुरू’ही अरबी-फारसीतून आलेला. शहरी बोलीत ‘लेक्चर स्टार्ट झालं’ ऐकू येते, पण ते अजून उपरेच वाटते. ‘स्टार्टर’ मात्र पुरता घरचा झाला आहे. ट्यूबलाइटचा स्टार्टर दहा-वीस रुपयांची डबी, हॉटेलातला स्टार्टर जेवणाआधीची ताटली, आणि शेतकऱ्याचा स्टार्टर म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची पेटी. तिला ‘ऑटो’ जोडला की लाइट येताच मोटार आपोआप चालू होते, रात्री उठून विहिरीवर जावे लागत नाही.