दसऱ्याला घाट कोण उघडतं?

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा घरी भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. बाइक चालवताना ऐकत असाल तर आधी बंद करा. घरी जाऊन ऐका, एपिसोड कुठे पळून जात नाही. आणि ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप.

तर झालं असं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही सहा जण पाच बाइक घेऊन पुण्यातून निघालो. हँडलवर आदल्या दिवशीची झेंडूची माळ तशीच होती. चार दिवस, साधारण ६०० किलोमीटर. रूट असा: जुन्नर, नाणेघाट, माळशेज उतरून कोकणात. मग कर्जत, खोपोली, बोरघाट, तिथून महाड, पोलादपूर. मग आंबेनळी चढून महाबळेश्वर आणि पसरणी घाटाने वाई करत परत घरी. म्हणजे सह्याद्री एकदा उतरायचा आणि एकदा चढायचा.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "ऑक्टोबरच का? ऑगस्टमध्ये धबधबे असतात की!" उत्तर सोपं आहे. ऑगस्टमध्ये घाटात धुकं, दरडी आणि शेवाळ असतं. ऑक्टोबरमध्ये रस्ता कोरडा, डोंगर अजून हिरवा, कडेला पिवळी सोनकी, खाली कोकणात भातकापणी. पण हे आपलं नवीन शहाणपण नाही बरं का. सह्याद्रीचं कॅलेंडर कायम असंच चाललंय. चार महिने पाऊस, नद्या फुगलेल्या, वाटा बंद. फौजा छावणीत, बैल गोठ्यात. मग दसरा आला की सीमोल्लंघन. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्यानंतर निघायच्या त्या याच कारणाने. व्यापाराचंही तेच. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून घाट उतरायचे आणि कोकणातलं मीठ घेऊन वर यायचे. दसऱ्याला घाट 'उघडायचा'.

आज मला बोलायचंय ते याच शब्दावर. घाट उघडतो म्हणजे आपोआप उघडतो का? की कुणीतरी तो उघडतं?

पहिला दिवस: नाणेघाट

जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने आपण थेट नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचतो. ही २ हजार वर्षांपूर्वीची वाट. वर देशावर जुन्नर, खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, आणि मधे कातळात कोरलेली ही खिंड. सातवाहनांच्या काळात परदेशी व्यापाराचा माल इथून वर-खाली जायचा.

खिंडीत एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे, राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. त्यात राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची यादी आहे, चक्क आकड्यांसकट. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांमध्ये हा लेख मोजतात. तेव्हा शून्य नाही, स्थानिक मूल्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. आमच्यातला एक जण डेटाबेसवर काम करतो. तो भिंतीसमोर दहा मिनिटं उभा राहून म्हणाला, "अरे, हा तर ऑडिट लॉग आहे!"

गुहेत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त पावलांचे अवशेष उरलेत, पण वर नावं कोरलेली आहेत. बाहेर एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं लोक सांगतात.

आता गंमत बघा. राजाचं नाव आहे, राणीचं आहे, गाई किती दिल्या तेही आहे. पण हा कातळ फोडला कुणी? दर पावसाळ्यानंतर या पायऱ्यांवरची माती-दगड काढून वाट मोकळी कुणी केली? भिंतीवर त्याचा उल्लेख नाही.

तुमच्यातल्या डेव्हलपर लोकांना माहीत असेल, गिटमध्ये प्रत्येक कमिटला दोन रकाने असतात. 'ऑथर' म्हणजे ज्याने कोड लिहिला तो, आणि 'कमिटर' म्हणजे ज्याने तो रिपॉझिटरीत घातला तो. बहुतेक वेळा माणूस एकच असतो, पण दोन्ही रकाने वेगळे ठेवलेत, कारण काम करणारा आणि नोंद करणारा वेगळा असू शकतो. नाणेघाटात मला वाटलं, इथे कमिटरचं नाव अगदी खणखणीत आहे. ऑथरचा रकाना मात्र रिकामा आहे.

माळशेज उतरून मुरबाडकडे जाताना वैशाखरे गावाजवळ थांबलो आणि खालून ती खिंड पाहिली. डोंगराच्या एवढ्या भिंतीत एवढीशी खाच. पहिल्यांदा ती कुणाला दिसली असेल?

दुसरा दिवस: बोरघाट

एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, हे आपलं जुनं दुखणं. पण त्याचा एक फायदा आहे. आपल्याला जुन्या हायवेनेच जावं लागतं, आणि शिंग्रोबाचं देऊळ जुन्या हायवेवर आहे.

आधी थोडा हिशोब. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता सुरू झाला. त्याआधी इथेही मुख्य वाहतूक बैलांच्या पाठीवरूनच. खंडाळ्याजवळचा तो अमृतांजन पूल आठवतो का? तोही १८३०चाच. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना तो पाडला.

मग आली रेल्वे. १८५६ मध्ये घाटाचं काम सुरू झालं, १८६३ मध्ये पुरं झालं. सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, आणि २५ बोगदे. चढ इतका तीव्र, की कर्जतला आजही वर जाणाऱ्या गाड्यांना मागून जास्तीची इंजिनं लावून ढकलतात. आम्ही वडापाव खात तेच बघत होतो. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. पुढे त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट चालवलं. या तिघांची नावं इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत. पण ऐन भरात या घाटात एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर होते. सुरुंगाची भोकं पाडायला काही जणांना दोरखंडाने कड्यावरून खाली सोडायचे. पटकी आणि तापाने माणसं पटापट मरायची. त्यांची नावं कुठेही सलग लिहिलेली नाहीत.

आणि शिंग्रोबा? दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. साहेबांना घाटातून मार्ग सापडेना. एका धनगराने, शिंग्रोबाने, आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून तो दाखवला. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. आणि त्याला गोळी घातली. ही कथा आहे, कागदावरचा पुरावा नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण आजही ट्रकवाले जाताना देवळापाशी नाणं टाकतात.

मी तिथे उभा राहून एवढाच विचार केला. नाणेघाटात राजा नाणी घ्यायचा, ती जकात होती. इथे लोक स्वतःहून टाकतात. बहुतेक त्यांना वाटत असावं, की ज्याच्या वाटेवरून आपण जातोय त्याचं आपण काहीतरी देणं लागतो. कागदात नाही म्हणून लोकांनी त्याचं नाव देवळात ठेवलं.

तिसरा दिवस: आंबेनळी

पोलादपूरला मुक्काम करून सकाळी आंबेनळीला लागलो. मधे रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता. रस्ता ओला, वळणावर बारीक खडी. लीड रायडर सगळ्यात पुढे, मी स्वीप, म्हणजे शेपटाला.

हा जावळीचा मुलूख. १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली आणि पाठोपाठ पारघाटाच्या तोंडावर प्रतापगड उभा राहिला. बांधणारे मोरोपंत पिंगळे. किल्ला तिथेच का? कारण देशावरून कोकणात जाणारी वाट त्याच्या नजरेखाली येते. अफझलखानाने १६५९चा पावसाळा वाईला काढला. रडतोंडीच्या घाटाने तो पारला उतरला आणि १० नोव्हेंबरला जे झालं ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. पण तारीख बघा. पावसाळा संपून घाट वाहता झाल्यानंतरची आहे. आणि रडतोंडी हे नाव बघा. सैन्य, हत्ती, तोफा घेऊन या वाटेने जाणाऱ्याचं तोंड रडवेलं होणारच. तिथल्या मावळ्यांना मात्र याच जंगलातल्या पायवाटा रोजच्या होत्या. ही लढाई ज्याला वाट माहीत होती त्याने जिंकली.

आजचा गाडीरस्ता १८७०च्या दशकातला. इंग्रजांनी त्याला गव्हर्नर फिट्झेराल्डचं नाव दिलं होतं. वर महाबळेश्वरला १८३४ ते १८६४ एक तुरुंग होता. त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलाय कैदी ठेवलेले होते आणि त्यांच्याकडून तिथले रस्ते करून घेतले. तुम्ही पॉइंट बघत ज्या रस्त्यांनी फिरता, त्यातल्या काहींचा पाया या कैद्यांनी घातलाय. त्यांचीही नावं नाहीत.

आता माझ्या घरचं सांगतो. माझे आबा, म्हणजे बाबांचे वडील, याच घाटात मैलकुली होते. हा शब्द तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलाही नसेल. रस्त्याचा ठरावीक तुकडा राखणारा सरकारी मजूर. फावडं, घमेलं, पहार. घाटाचा खरा शत्रू पाणी. कडेचा चर तुंबला किंवा रस्त्याखालची मोरी पानं-दगडांनी भरली, की पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं आणि एक दिवस कठड्यासकट रस्ता खाली जातो. म्हणून पावसात मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, दरडी बाजूला करायच्या आणि पाऊस सरला की खड्डे भरायचे. आपल्या भाषेत बोलायचं तर चोवीस तास ऑन-कॉल. घाट नीट चालू असला की आबांचं काम कुणाला दिसायचंच नाही.

हे मी ग्रुपला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. खरं सांगायचं तर कॉलेजात असताना "आजोबा काय करायचे?" या प्रश्नाला मी "पीडब्ल्यूडीत होते" एवढंच उत्तर द्यायचो, म्हणजे समोरचा त्यांना इंजिनिअर समजायचा. मी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

अर्धा घाट चढल्यावर एका वळणावर नारिंगी जॅकेटमधल्या पोराने हात करून थांबवलं. रात्रीच्या पावसाने दगड-माती आली होती, तिघं जण ती उपसत होते. वीस मिनिटं गेली. आमच्यातल्या एकाने हॉर्न मारला. दुसरा म्हणाला, "एवढंसं काम, किती वेळ लावतात यार!"

तो पोरगा शांतपणे म्हणाला, "थांबा दादा, वरून अजून सुटतायत. गाडी गेली तर परत मिळंल."

मी हेल्मेट काढलं आणि तिथेच सगळ्यांना सांगितलं की माझे आबा हेच करायचे, याच रस्त्यावर. क्षणभर कुणी बोललं नाही. मग हॉर्न मारणारा स्वतःच बाइक स्टँडला लावून पुढे गेला आणि त्या पोराला पाण्याची बाटली दिली. फार काही नाट्यमय झालं नाही. वाट मोकळी झाली, आम्ही निघालो. पण चालवताना पहिल्यांदाच मी दरी सोडून दुसऱ्या बाजूला बघत होतो, चर आणि मोऱ्यांकडे.

चौथा दिवस आणि मूळ प्रश्न

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला, कित्येक दिवस बंद होता. माणसांनी तो पुन्हा उभा केला, म्हणूनच आम्ही त्यावरून गेलो.

चौथ्या दिवशी पसरणी उतरताना पायथ्याला वाई दिसत होतं आणि माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. वाट शोधणारा, ती बांधणारा आणि ती राखणारा, या तिघांपैकी कुणाचंही नाव घाटाला मिळत नाही. पण नाव देणाऱ्यांचं तरी काय होतं? फिट्झेराल्डचं नाव आता कुणाच्या तोंडी नाही. मॅपवर 'आंबेनळी' येतं. नळी म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, चढायची वाट. म्हणजे गव्हर्नर गेला आणि वाट पाहिलेल्या लोकांचा शब्द राहिला.

तर दसऱ्याला घाट कोण उघडतं? दर वर्षी, पावसाने मोडलेला घाट कुणीतरी हाताने उघडतं. २ हजार वर्षं हेच चाललंय. आपण सीमोल्लंघन करतो ते त्यांच्या जिवावर.

घरी आल्यावर मी बाबांना फोन केला आणि आबांचा तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत होता ते विचारलं. बाबांना मैलाचे दगड आठवत होते. मी ते मॅपवर टाकून ठेवलेत. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर मी सरळ सांगणार आहे: आबा मैलकुली होते.

तुमच्या घरात कुणी रस्त्यावर, रेल्वेवर, धरणावर काम केलंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवूया. आणि घाटात कुणी नारिंगी जॅकेटवाल्याने थांबवलं, तर हॉर्न नको. इंजिन बंद करा, जरा थांबा. भेटूया!