गितेरास यांच्या नावाचं वीजकेंद्र

क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावर, मातान्सासमध्ये तेलावर चालणारं एक वीजकेंद्र आहे. त्याला अंतोनियो गितेरास यांचं नाव दिलं, हे अगदी रास्त झालं. १९३३ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते मंत्री झाले आणि जानेवारी १९३४मध्ये त्यांनी अमेरिकी मालकीची वीजकंपनी सरकारच्या ताब्यात घेतली. सामान्य माणसाला परवडेल अशी वीज हवी, हा त्यांचा आग्रह होता. पण लगेचच सरकार गडगडलं. मे १९३५मध्ये मातान्सासजवळच, एल मोरिय्यो इथे, सैनिकांशी झालेल्या चकमकीत गितेरास मारले गेले. कंपनीचं राष्ट्रीयीकरण व्हायला १९६० साल उजाडलं.

केंद्र सुरू झालं ते १९८८मध्ये. फ्रेंच यंत्रसामग्री, एकच संच, क्षमता सुमारे ३३० मेगावॉट. देशात याहून मोठा संच नाही.

पुढे सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल आटलं आणि क्यूबाची भिस्त देशी कच्च्या तेलावर आली. हे तेल घट्ट आणि गंधकाने भरलेलं. त्याने बॉयलरच्या नळ्या झिजतात, काजळीचे थर चढतात. सफाईसाठी संच थांबवावा, तर त्याची जागा घेणारी वीज आणायची कुठून? म्हणून मोठी दुरुस्ती वर्षानुवर्षं लांबत गेली, आणि तिथल्या कामगारांनी तात्पुरत्या डागडुजीवर केंद्र चालतं ठेवलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

एवढा मोठा संच अचानक थांबला की जाळ्यातली वारंवारता घसरते आणि उरलेली केंद्रं एकापाठोपाठ बंद पडतात. १८ ऑक्टोबर २०२४ला तेच घडलं. सुमारे एक कोटी लोक अंधारात गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला हाच संच पुन्हा बंद पडला, आणि देशभरचं जाळंही.